दोन किलो जास्त

कबड्डीत पहिली झुंज वजनकाट्याशी असते. कनिष्ठ गटाला वजनाची मर्यादा असते. ती ओलांडली की पकड कितीही चांगली असो, खेळाडू घरी जातो. क्रीडा पानासाठी मी वर्षानुवर्षे हे पाहिलं. नागपूरच्या मे महिन्यात दोन स्वेटर घालून धावणारी, वजन उतरावं म्हणून पाणी न पिता थुंकत बसणारी मुलं पाहिली आणि बातमीत 'जिद्द' लिहिलं. शब्द छोटा होता, मथळ्यात बसायचा.

मग भाचीनं जिल्हा संघाच्या निवड चाचणीला उतरायचं ठरवलं. सोळा वर्षांची, कोपऱ्यात खेळणारी, चढाईला आलेलीचा घोटा धरला की न सोडणारी. आणि मर्यादेपेक्षा दोन किलो जास्त. प्रशिक्षकांनी आहारशास्त्र एका वाक्यात उरकलं, "दोन किलो उतरव, बाकी मी पाहतो."

ती आणि माझी बहीण सक्करदऱ्यात माझ्याकडेच राहतात. घरातला क्रीडातज्ज्ञ अर्थातच मी. काटा मीच आणला, रोज सकाळी आकडा मीच वाचायचो. भाकरी बंद झाली, काकडी सुरू झाली. रेनकोट घालून ती तलावाभोवती पळायची. तीन महिन्यांत दोन किलो उतरले. खबरदारी म्हणून आणखी दोन उतरवले.

"मामा, नडगी दुखून राहिली," ती एकदा म्हणाली.

"पळतेस म्हणून दुखते." बातमीत हे वाक्य लिहिलं असतं तर संपादकांनी विचारलं असतं, कोण म्हणालं? घरात कुणी विचारलं नाही.

बहिणीकडे तर आनंदाची बातमी होती. "दादा, तिची पाळीच नाही आली तीन महिने. बरं झालं, चाचणीच्या वेळेस कटकट नाही."

कामठीला चाचणी झाली. वजनात ती इतकी सहज बसली की प्रशिक्षकांनी इतर मुलींना तिचं उदाहरण दिलं. पहिल्याच सामन्यात तिनं घोटा धरला, चढाई करणारी तिच्या पायावर पडली. रोजच्या सरावात शंभरदा होतं तसंच. नडगी मोडली.

हाडांच्या डॉक्टर बाईंनी एक्स-रेची फिल्म पाहिली आणि आधी पाळीचं विचारलं. बहीण माझ्याकडे पाहत म्हणाली, "बंदच आहे." हा प्रश्न क्रीडा पानाच्या कक्षेत येत नव्हता.

"हाडात आधीच चीर होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही उतरवलं त्यात चरबी थोडी, स्नायू जास्त. स्नायू ओढतो म्हणून हाड मजबूत होतं. आणि पोट उपाशी असलं की शरीर पाळी थांबवतं, मग हाडही झिजतं."

"मग काय जाडी करू हिले?" बहीण म्हणाली.

"नुसत्या चरबीनं हाड होत नाही, बाई. जेवू द्या. पाय बरा झाला की ताकदीचा व्यायाम. पाळी सुरळीत झाल्यावर खेळाचं बोलू."

प्लास्टर निघाल्यावर प्रशिक्षक काटोलची संत्री घेऊन आले. भाची जेवत होती, दुसरी भाकरी, वर तूप.

"जाडी झाली वं तू," ते मायेनं म्हणाले. "तुझ्या जागी दुसरी घेतली. एकदम वजनात बसते."

"तिची नडगी दुखते का, सर?"

"काहून?"

"विचारलं का तिले?"

प्रशिक्षक पिशवीतली संत्री काढून ताटाशी मांडू लागले. मी म्हटलं, त्या मुलीला फोन लावा. त्यांनी नंबर लावला आणि भाचीनं तुपाच्या हातानंच मोबाईल घेतला.

"हॅलो, मी बोलून राहिली. तुझी पाळी बरोबर येते का वं?"

प्रशिक्षक उठून गॅलरीत गेले. आत ती ऐकत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "आधी जेव. आणि उद्या डॉक्टरकडे चाल, मी येते संग."