दोघांनी बघायचं

आमचे जमादार रिकाम्या तांब्यातसुद्धा डोकावून बघत. पाणी भरायच्या आधी तांब्या उजेडाकडे धरायचा, तळ दिसला की मगच माठाकडे वळायचं. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे आणि वर पुन्हा आत बोटं घालून चाचपायचे. गेटसमोरचा चहावाला कप पुढे करी, तेव्हा ते आधी कपाकडे बघत आणि मग त्याच्या तोंडाकडे.

“विष न्हाई घातलं, जमादार,” तो म्हणे.

“न्हाई घातलंस ते बघितलं. आता पितो.”

हा रोजचाच संवाद. मी आठेक वर्षं तो ऐकला आणि शेवटी शेवटी त्यातला विनोद माझ्या लक्षात येईनासा झाला. पण त्या तोंडाकडे बघण्याला पुढे जो अर्थ आला, तो माझ्यामुळे आला. तेच सांगायला बसलो आहे.

ते दिघीचे. घर, विहीर, थोडी जमीन, सगळं तिथलंच. मोठ्या लढाईत ते फौजेत होते, पण बंदूक चालवणारे नव्हेत, बंदुका दुरुस्त करणारे. बिघडलेलं हत्यार त्यांच्याकडे यायचं आणि नीट होऊन जायचं. बोटं जाड, नखांत कायम तेल. पण त्या बोटांनी ते केसाएवढी स्प्रिंग अशी उचलत की बघत राहावं. फौजेतून सुटल्यावर काही वर्षं घरची जमीन कसली, आणि पिंपरीच्या माळावर आमचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा वॉच अँड वॉर्डमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या खात्यात, जमादार म्हणून लागले. मी त्याच खात्यात कारकून. कोकणातून आलेला, चोवीस वर्षांचा, इंग्रजी बरं म्हणून घेतलेला. वडील शाळामास्तर आहेत हे कळल्यापासून जमादार मलाही मास्तरच म्हणू लागले.

कारखान्याच्या पायासाठी माळावरचा कातळ फोडावा लागे. सुरुंगाची दारू चिंचवड स्टेशनवर उतरे आणि तिथून ट्रकनं माळावरच्या कोठारात येई. त्या ट्रकबरोबर हत्यारी माणूस लागे. जमादार ड्रायव्हरशेजारी बसत, कमरेला खात्याचं जुनं रिव्हॉल्व्हर. त्याला खटका नव्हता. म्हणजे चाप अडवून ठेवणारी, बोटानं वरखाली करायची कळ नव्हती. मात्र चापच एवढा जड की तो ओढायला मनापासून ठरवावं लागे.

हे रिव्हॉल्व्हर कपाटातून घेताना आणि परत ठेवताना एक विधी होता. जमादार गोळ्यांचं चक्र बाहेर काढत, सहाही घरं बघत, प्रत्येकात करंगळी घालत आणि मोठ्यानं म्हणत, “रिकामं.” मग ते माझ्यापुढे धरत. मीही बघायचं, मीही करंगळी घालायची आणि म्हणायचं, “रिकामं.” एकदा मी कंटाळून म्हटलं, “जमादार, आत्ता तुम्ही माझ्यासमोर बघितलंत की.”

“म्या बघितलं. तुमी कुठं बघितलंत?” ते म्हणाले. “एकानं बघितलेलं ते अर्धंच. दोघांनी बघायचं. मास्तर, भरलेल्या हत्यारानं माणूस लढाईत मरतो. रिकाम्यानं मरतो तो बराकीत, चहा पिताना.”

पुढे ट्रकच्या खेपा वाढल्या आणि आणखी एक हत्यारी माणूस हवा झाला. गणपत नावाचा पहारेकरी निवडला गेला. मराठवाड्यातला, उंच, शांत गडी, जमादारांना वडिलांच्या जागी मानणारा. त्याला कोणतं हत्यार द्यायचं, एवढाच प्रश्न होता. आमचे अधिकारी फौजेतून निवृत्त झालेले मेजर होते. त्यांच्याकडे स्वतःचं एक पिस्तूल होतं, चपटं, सुरेख, डाव्या अंगाला खटका असलेलं. तसलंच घ्यावं असं त्यांच्या मनात होतं. तसं ते बोलत नसत, पण पिस्तूल टेबलावर ठेवून रुमालानं पुसत बसत. मला म्हणाले, दोन्ही बाजूंचा विचार करून इंग्रजीत एक टिपण तयार करा. आणि जमादारांचं मत त्यात हवं, त्यांच्या सहीसकट. वरच्यांना तेच लागेल.

मी खटक्याच्या बाजूचा होतो. माणूस पडतो, धडपडतो, कुठेतरी पट्टा अडकतो, हत्यार कुणा भलत्याच्या हाती लागतं. अशा वेळी एक कळ आड असली तर बरंच की. हे मी जमादारांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मेजरसाहेबांचं पिस्तूल मागून आणलं. बघितलं, दाखवलं, “रिकामं.” मीही म्हटलं, “रिकामं.” मग ते माझ्या कमरेला बांधलं, खटका लावला आणि मला अंगणात उभं केलं. स्वतः पाठमोरे उभे राहून विडीबद्दल काहीबाही बोलत राहिले आणि एकाएकी वळून माझ्या अंगावर धावले. मी पिस्तूल काढलं, चाप ओढला. काहीच नाही. खटका काढायचा राहिला होता.

“मेलात, मास्तर.”

गणपत आणि चहा घेऊन आलेला चहावाला बघत होते. गणपत हसला नाही, चहावाला मात्र पोट धरून हसला. मी चिडून म्हटलं, पुन्हा करू. या खेपेला मी खटका काढला, चाप ओढला, ठक्क असा आवाज आला. मी ऐटीत पिस्तूल खोळीत घातलं आणि कप उचलला.

“आता ह्यो मेला,” चहावाल्याकडे बोट करून जमादार म्हणाले. “खटका परत कुनी लावायचा?”

चहावाल्याचं हसू बंद झालं.

“खटका असला की मानूस दोन गोष्टी इसरतो. काढायला इसरतो, न्हाईतर लावायला. आन् तिसरी त्याहून वाईट. भ्यायचं इसरतो.”

त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे जमादारीणबाई म्हणत, नेमक्या याच बाबतीत त्यांच्या विरोधात होत्या. रविवारी मी दिघीला जेवायला गेलो की त्या मला आपल्या बाजूला ओढत. “मास्तर, तुमीच सांगा ह्यास्नी. विहिरीला कठडा नको म्हनत्याल उद्या. का, तर मानसानं बघून चालावं!” जमादार भाकरी मोडत म्हणत, “कठडा बांधला की तू वाकून बघतीस. मंग घागर सोड, तू पडशील.” त्यावर त्या, “पडंन तवा बघू,” म्हणून आणखी एक भाकरी वाढत. हा वाद त्या घरात कधी मिटला नाही, आणि मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

त्यांचं मत त्यांनी मला नीट सांगितलं. मी ते कच्च्या कागदावर उतरवूनही घेतलं. “असं लिहा. दुसऱ्या मानसालाबी रिव्हॉल्व्हरच द्या. खटक्याचं द्यायचंच असंल तर पयले तीन महिने नळीत गोळी नको. हात बसू द्या, मंग भरा.”

मी लिहिलं ते वेगळंच. मी इंग्रजीत लिहिलं की, जमादारांच्या अनुभवी मताप्रमाणे खटका असलेलं पिस्तूल नळीत गोळी भरून बाळगणं पूर्ण सुरक्षित असून, तेच घ्यावं.

मला खटका पटला होता हे खरं. पण पटला होता म्हणून मी तसं लिहिलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, ते खरं नाही. मेजरसाहेबांना काय हवं ते मला माहीत होतं आणि मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. शिवाय अंगणातलं ते “मेलात, मास्तर” मला झोंबलं होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण नाही.

टिपण घेऊन मी जमादारांकडे गेलो. त्यांनी कागद हातात घेतला, पुढून बघितला, उलटून मागून बघितला. मराठी ते वाचत. इंग्रजी अक्षर मात्र त्यांना कळत नव्हतं.

“काय लिवलंय, मास्तर?”

“तुम्ही सांगितलंत तेच.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. चहावाल्याकडे बघत तसंच, सावकाश. मग मोडीत वळणदार सही केली.

पिस्तूल आलं, आणि नळीत गोळी भरून ते गणपतला देण्याचा हुकूमही; आपलं मत वरच्यांनी मानलं नाही, असं जमादारांनी धरलं. त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका दुपारी ट्रक कोठारापाशी थांबला असताना दोन मोकाट बैल झुंजत दारूच्या खोक्यांकडे येऊ लागले. गणपतनं पिस्तूल काढलं, खटका काढला, हवेत बार करायची तयारी ठेवली. बैल आपणच वळले. त्यानं पिस्तूल खोळीत घातलं. खटका लावायचा राहिला. खोळीचा एक सैल पट्टा चापाच्या कडीत गेला आणि त्यानं वरून दाबलं. गोळी पोटरीतून गेली आणि घोट्याजवळचं हाड फोडून बाहेर पडली. पाय वाचला, पण तो पुन्हा सरळ पडला नाही.

चौकशीला वरून दोन साहेब आले. मेजरसाहेबांनी टिपण काढलं आणि जमादारांविषयीचं वाक्य आधी इंग्रजीत, मग मराठीत वाचलं. खोलीत काठी घेऊन गणपत बसला होता. मी कोपऱ्यात, लिहून घ्यायला.

“हे तुमचं मत होतं?” साहेबांनी विचारलं.

जमादारांनी कागद मागितला. पुढून बघितला, मागून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली होती, तरी ते बघताहेत हे मला कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला. ते तोंडात तयार होतं.

“सही माझी हाय,” जमादार म्हणाले.

आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. मी ते लिहून घेतलं.

त्यांच्याकडून हत्यारांचं काम काढलं आणि त्यांना लाठी देऊन गेटवर उभं केलं. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. रिव्हॉल्व्हर सोपवताना त्यांनी चक्र बाहेर काढलं, सहाही घरांत करंगळी घातली. “रिकामं.” माझ्यापुढे धरलं. मी घाईनं म्हटलं, “रिकामं.”

“बघितलं न्हाई तुमी,” ते म्हणाले. “बघा.”

मी बघितलं. एकेका घरात करंगळी घातली. सहाव्या घरापर्यंत ते थांबले.

पुढच्या रविवारी मी दिघीला गेलो. ते विहिरीपाशी रहाटाची कडी ठोकत होते. मी विचारलं, “जमादार, तुम्ही बोलला का नाहीत?”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. “काय बोलू? कागद वाचता येत न्हवता म्हनून तोंड वाचलं. ते वाचताना चुकलो. ती चूक माझी. तुमची तुमी बघा.”

मग ते पुन्हा कडी ठोकू लागले. निघताना म्हणाले, “मास्तर, मला इंग्रजी वाचाया शिकवा.”

मी शिकवलं. जवळजवळ वर्षभर, दर रविवारी. बायकोपुढे मोठ्यानं अक्षरं म्हणायला ते लाजत नसत. औषधाच्या बाटल्या, खताची पोती, गेटवरच्या पाट्या, मिळेल ते वाचत. एकदा मी त्या पिस्तुलाबरोबर आलेलं माहितीपत्रक नेलं. अर्धा तास बोट फिरवत त्यांनी एक पान संपवलं आणि हसले. “ह्यात बी तेच हाय की. खटका लावा, तरीबी नळी बघा.” थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “गनपतनं खटका लावला असता तर पाय धड ऱ्हायला असता. खटका वाईट न्हाई, मास्तर. आपन सगळा भार त्याच्यावर टाकतो, ते वाईट. हिचं कठड्याचंबी खरंच हाय म्हना.” जमादारीणबाईंनी हे ऐकलं आणि उठून ताटं वाढायला घेतली.

ते टिपण मात्र त्यांनी वाचायला मागितलं नाही. मागतील म्हणून मी प्रत्येक रविवारी भीत होतो. वाचता यायला लागल्यावर तर फारच. त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि मी तेवढ्यावर निभावून नेलं. मला बढती मिळाली, ते गेटवर लोकांचे डबे उघडून बघत राहिले. एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले. तेराव्याला सगळं खातं दिघीला आलं. गणपत आला नाही. गेटमधून जाताना तो त्यांच्याशी बोलत नसे, डबा उघडून दाखवी आणि नजर वळवून पुढे जाई. ज्याला वडिलांच्या जागी मानलं त्यानंच ते पिस्तूल आपल्या गळ्यात बांधलं, असं त्याच्या मनात होतं. जमादारांनी ते त्याच्या मनात राहू दिलं. मीही राहू दिलं.

आता माझी पन्नाशी जवळ आली आहे. खटका असावा की नसावा, असं कुणी विचारलं तर मला अजून सांगता येत नाही. पण वर लिहिलं आहे ते लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी मी निगडीला गणपतच्या मुलाच्या घरी गेलो. गणपत ओट्यावर बसला होता, काठी बाजूला. म्हटलं, “एक वाचून दाखवायचं आहे.”

“द्या इकडं,” तो म्हणाला. “मीच वाचतो.”

सगळं वाचलं त्यानं. मधे दोनदा मागे जाऊन वाचलं. शेवटचं पान संपल्यावर ते उलटून कोरी बाजू बघितली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. या खेपेला मी मान खाली घातली नाही.

“तेराव्याला पाय दुखतो म्हून सांगितलं होतं मी,” तो म्हणाला. “पाय काही दुखत नव्हता.”

मग त्यानं काठी घेतली, भिंतीला धरून उठला आणि चपला शोधू लागला.

“कुठं निघालास?”

“दिघीला. जमादारीणबाई हायेत अजून. त्यांना वाचता येत नाही.” त्यानं कागद नीट घडी करून माझ्या हातात दिले. “वाचायचं तुम्ही. मी शेजारी बसून बघतो, आहे तेच वाचताय का.”