पाच मिनिटांची तक्रार

तुमच्या गावात एसटी आत येते, की फाट्यावरच सोडून जाते?

इथे अमेरिकेत, रेडमंडला, रोज माझ्या बसच्या थांब्यावर एक मराठी माणूस असतो. नाव मी अजून विचारलेलं नाही. बस पाच मिनिटं उशिरा आली, की तो पावसाने ओला झालेला अंगठा जॅकेटला पुसतो आणि फोनवर तक्रार टाइप करतो. "टॅक्स भरतो यार, सोडायचं नाही!"

परवा तक्रार अर्धी असतानाच त्याच्या आईचा फोन आला. बोलून झाल्यावर तो म्हणाला, "गावातली एसटी बंद झाली. आई दवाखान्यातून आली ती फाट्यापासून चालत, दुखऱ्या गुडघ्यांनी."

"बंद का केली?"

"गावात माणसंच उरली नाहीत म्हणे."

"माणसं का गेली?"

"एसटी कधी धड यायचीच नाही म्हणून!" तो हसला. मला हसू येईना.

"मग डेपोला तक्रार केलीत?"

"तिथे? तिथे कोण ऐकतं यार!" असं म्हणत त्याने इथली तक्रार पूर्ण करून पाठवली.

तुमचंही गाव फाट्यापासून आत असेल, तर आज इथल्या बसवर चिडण्याआधी तिथल्या डेपोला दोन ओळी लिहा. आईचं नाव घालून लिहा. गावात अजून माणूस राहतो, हे त्यांना कळू दे.