कण्हेरीच्या जागी जास्वंद

सोनटक्के सर गेल्याचं पत्र हाती पडलं तेव्हा त्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते. कऱ्हाडहून त्यांच्या पत्नीने, सुमतीताईंनी, पाठवलेलं चार ओळींचं पत्र. शेवटी लिहिलं होतं, 'तिथल्या शाळेत तुम्हीच कळवा.' मी शाळेत फोन केला. ऑफिसातल्या बाईंनी दोनदा नाव विचारलं आणि मग म्हणाल्या, "अच्छा, वो लायब्ररीवाले सर?" मी फोन ठेवला. ज्या माणसाने या शाळेला जीवशास्त्र कशाशी खातात हे दाखवायचा जिवापाड प्रयत्न केला, त्याची एवढीच ओळख उरावी? आता काही आठवडे उलटले, तरी राग ओसरलेला नाही. त्यातला बराचसा माझ्यावरचाच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, तेव्हा सर कऱ्हाडच्या कॉलेजातली प्राध्यापकी सोडून कुवेतच्या या भारतीय शाळेत वरच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवायला आले. आम्ही मंगफला राहत होतो. हे शुऐबाच्या तेल कारखान्यात इंजिनिअर, मी इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. सर एकटेच राहत, म्हणून शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. येताना रिकाम्या हाताने कधी आले नाहीत, पण मिठाई आणतील ते सर कसले! रुमालातून वाळवंटातल्या झुडपाची फांदी निघायची, नाहीतर डब्यातून समुद्रकाठच्या चिखलात उड्या मारणारी जिवंत निवटी मासळी. मासळी बाजारातले रत्नागिरीचे हसनभाई त्यांच्यासाठी माशांचे कल्ले बाजूला काढून ठेवत. "वहिनी, इतकं सगळं दारात आहे," सर म्हणायचे, "आणि आमची पोरं न पाहिलेला बेडूक पाठ करतायत!"

हेच त्यांचं दुखणं होतं. एकदा जेवता जेवता म्हणाले, "शंभर वर्षांपूर्वी कुण्या कॉलेजातल्या प्राध्यापकाने पोरांना पुस्तकातून उठवलं आणि मागच्या डबक्यावर नेलं. काय भांडावं लागलं असेल बिचाऱ्याला! आपण त्याच्या डबक्यातला बेडूक तेवढा घेतला... त्याचं बघणं घेतलंच नाही." त्यांनी स्वतः एक जाड वही केली होती. परीक्षेच्या अभ्यासक्रमातला एकही धडा गाळायचा नाही, फक्त प्रत्येक धड्यासमोर कुवेतमध्ये मिळणारा नमुना लिहायचा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या जागी झुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, जास्वंदीच्या जागी रस्त्याकडेची कण्हेर. आणि वर्गात नियम एकच. आधी चित्र, मग नाव. टोक केलेली पेन्सिल, एकच स्वच्छ रेघ, शेडिंग नाही. जे दिसतंय तेच काढायचं. ही वही शाळेच्या समितीने मंजूर करावी, एवढंच त्यांना हवं होतं. दोन वर्षं ती कपाटात पडून राहिली. उघडूनसुद्धा पाहिली नसावी कुणी.

मग ती सहामाही आली. सरांनी प्रत्येक मुलापुढे कण्हेरीचं फूल ठेवलं आणि ते उभं चिरून आतला भाग काढायला सांगितला. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी जास्वंद काढली. समोर कण्हेर, आणि कागदावर जास्वंदीचा तो लांब बाहेर आलेला दांडा, पुस्तकातल्यासारखा, सुबक, शेडिंगसकट! सरांनी त्या सगळ्यांना शून्य दिलं. त्यात आमची लेक मीनाही होती.

काय गहजब झाला! डॉक्टर, इंजिनिअर, अकाउंटंट, सगळे पालक शाळेवर चालून गेले. मुलांना भारतात मेडिकलला पाठवायचं होतं ना! अर्ज लिहिला गेला, त्यावर सह्या झाल्या. माझीही झाली. सभेत एक गृहस्थ टेबलावर हात आपटत म्हणाले, "धिस फ्लॉवर इज पॉयझनस!" जणू सरांनी मुलांना ते खायला घातलं होतं. फूल कापून झाल्यावर सर प्रत्येकाला साबणाने हात धुवायला लावत, हे मीनाने मला सांगितलं होतं. मला माहीत होतं. मी बोलले नाही. सर शांतपणे म्हणाले की मुलांना फूल काढता आलं नाही म्हणून नव्हे, त्यांनी ते पाहिलंच नाही म्हणून शून्य आहे. कुणी ऐकेना. तेव्हा त्या इंग्रजी गलक्यात ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "वहिनी, तुम्ही स्लाइड न बघता रिपोर्ट लिहिता का?"

मी मान खाली घातली... दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी बाई मी. समोर एक दिसतंय आणि लिहिलं भलतंच, असं एकदा जरी केलं असतं तरी त्याच दिवशी मला घरी बसवलं असतं, आणि ते योग्यच ठरलं असतं. त्या खोलीत सरांचं म्हणणं माझ्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं. पण मला मीनाचे मार्क हवे होते.

समितीने सुपरवायझरकडून पेपर पुन्हा तपासून घेतले. नव्या वर्षी सरांना लायब्ररी आणि खालच्या वर्गांचं मूल्यशिक्षण दिलं. मूल्यशिक्षण! इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, शाळेच्या हातात, दुसरी नोकरी धरायची सोय नाही, कऱ्हाडला दोन मुलं शिकत होती. कऱ्हाडला परतेपर्यंत सरांनी पाच वर्षं पुस्तकांना कव्हरं घातली. शुक्रवारी जेवायला येत राहिले, मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त रुमालातून काही निघेनासं झालं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पत्र आलं त्या आठवड्यात मी मीनाची जुनी फाइल काढली. मार्क वाढलेला तो कागद मीच जपून ठेवला होता, कौतुकाने! सरांचं पेन्सिलीतलं शून्य, त्यावर लाल शाईची रेघ आणि शेजारी आठ. खाली सरांचं बारीक अक्षर, 'समोर काय आहे?' मी बिल्डिंगखालून कण्हेरीचं फूल आणलं आणि ब्लेडने उभं चिरलं. आत केसाळ, वातीसारखे पिळलेले तंतू होते. देवाला वाहताना ही फुलं मी आयुष्यभर हाताळली, आत कधी पाहिलं नव्हतं. तासभर बसून चित्र काढलं. एकच रेघ, शेडिंग नाही. मीना सुट्टीवर आली होती. ती मागे येऊन उभी राहिली, दोन्ही कागद तिने पाहिले. "आई," ती हळूच म्हणाली, "इट वॉज अ झीरो. आय ऑलवेज न्यू."

मी हात साबणाने धुतले. मग तो आठ खोडला आणि शेजारी पेन्सिलीने सरांचं शून्य पुन्हा लिहिलं.