टीम लीडर लीलामावशी

लीलामावशी कुणालाही काम सांगत नसे. शेडमध्ये आली की चप्पल काढायची, पदर खोचायची आणि समोरच्या भाजीच्या ढिगाला हात घालायची. बोलायची ती सुनेबद्दल, नाहीतर जावयाच्या गुडघ्याबद्दल. तेवढ्यात भोवतीच्या अकरा बायकांचे हात आपोआप चालू लागत. त्याच वेळी मी फळ्यावर कामाची वाटणी लिहीत असे. ती वाचायला कुणी मान वर करत नसे.

पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन मी सिंदीला परतलो होतो. आसपासच्या गावांतली भाजी गोळा करायची, निवडायची आणि सावंगीच्या वसतिगृहांच्या मेसला पोहोचवायची, हा माझा धंदा. सकाळी नऊला गाडी सुटली पाहिजे. धंद्याहून ऐट मोठी. माणसांमधून नेतृत्व घडवायचं म्हणून मी मावशीला 'टीम लीडर' असा बिल्ला करून दिला. तिने तो उलटसुलट पाहिला, मागची पिन सोडवली आणि शेजारणीच्या बोटात रुतलेला वांग्याचा काटा काढला.

"लय कामाची वस्तू आनली, बापू," म्हणाली.

पहिल्याच वर्षी मी स्वतःची फजिती करून घेतली. मेसवाल्यांनी एका समारंभासाठी दुप्पट वांगी मागितली आणि मी लॅपटॉपमधली दिनदर्शिका पाहून होकार दिला. तिच्यात सुट्टी दिसत नव्हती. तो दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे करीचा. करीला आमच्याकडे कुणी शेतात पाय घालत नाही, हे इथे जन्मूनही मी विसरलो होतो. एकदा जरी भाजी चुकली तरी काम दुसऱ्याला देऊ, असं मेसवाल्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे माझ्याबरोबर या बायकांचंही काम जाणार. पोळ्याच्या संध्याकाळी मी सगळ्यांना फोनवर संदेश धाडला, 'उद्या उपस्थिती अनिवार्य'. उत्तरादाखल सजवलेल्या बैलांचे सात फोटो आले.

शेवटी मावशीचं दार गाठलं.

"काऊन तोंड पाडून राह्यला?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. "मंग मले पह्यले काऊन नाई इचारलं?"

पदवीच्या दोन वर्षांत मी शंभर तक्ते काढायला शिकलो, पण मावशीला विचारून यावं असं कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना ती एकटीच आपल्या वांग्याच्या वावरात उतरली. कुणाला बोलावलं नाही. शेडमध्ये काम करणारी कमल रस्त्याने चालली होती, ती थबकली.

"मावशी, आज तं कर हाय ना?"

"कर बैलाची हाय बाई, वांग्याची नाई. बैल घरी बसला हाय. तू जा."

कमल गेली नाही. अर्ध्या तासात बाकीच्याही आल्या. मी बांधावर उभा राहून कुणी किती क्रेट भरले ते टिपायला लागलो, तेव्हा मावशीने पहिल्यांदा कुणाला तरी काम सांगितलं.

"लिवनं मंग करजो. वाक."

मी वाकलो. वीस मिनिटांत पाठ धरली, बोटांत काटे गेले आणि बायकांची छान करमणूक झाली. गाडी सव्वानऊला सुटली. काम टिकलं.

त्यानंतर मी तिला पगार वाढवून मॅनेजर करायला निघालो.

"मले नको बाप्पा. गाडी कवा येते, कोन्या मेसले किती पाह्यजे, हे माह्या डोक्यात राह्यत नाई. ते तूच कर. तुले बरं जमते."

तिने केलेली माझी एवढीच स्तुती. मी घरी ती दोनदा सांगितली.

मागच्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाने मावशी गेली. तिच्या जागी कोण, हे ठरवायला मी तिसऱ्या दिवशी शेडमध्ये बैठक बोलावली. निकषसुद्धा लिहून आणले होते. बायका डोळे पुसत पालक निवडत होत्या. कमल मान वर न करता म्हणाली, "ते आमी पाहू, भाऊ. तू गाडीचं पाह्य."

मी गाडीचं पाहिलं. बरोबर नऊला सोडली आणि शेडच्या मागे जाऊन मोठ्याने रडलो.