पत्रेवाल्यांचे बारा टोले

आमच्या चर्चची घंटा सव्वीस वर्षं एकाच माणसाने वाजवली. रोज सकाळी सहाला बारा टोले, आणि रविवारी उपासनेआधी आणखी बारा. त्यांना सगळे पत्रेवाले म्हणत, कारण धंदा पत्र्याचा. ट्रंका, पन्हळी, धुराडी असलं काम. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडी हाणल्यावर कान जाणारच. ते नक्की कधी गेले हे मात्र कोणी सांगू शकत नाही. त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही, आणि आम्हाला कळलं तेव्हा आम्ही त्यांना कळू दिलं नाही.

बायको होती तोवर निभावलं. ती त्यांच्या उजव्या खांद्याला चिकटून उभी राहायची आणि कोणी काही बोललं की तेच पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत सावकाश म्हणायची. ती जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी परदेशी. दर रविवारी दुपारी ठरल्या वेळी तिचा फोन येतो. पत्रेवाले तो कानाला लावून म्हणतात, "हो, हो, जेवलो. तब्येत उत्तम. तुम्ही सगळे बरे ना? छान, छान." आणि ठेवून देतात. मुलगी समजते, बाबा मजेत आहेत.

उपासना सुटली की दारात लोक त्यांचा हात हातात घेत, हसत आणि पुढे सरकत. ओरडून बोलण्यापेक्षा हसणं सोपं पडतं. मीही तेच केलं आहे. दोन मिनिटांत ते दारात एकटे उरत, हात अजून थोडा पुढे.

त्यांना धरून ठेवलं होतं ते घंटेच्या दोराने. घंटा वाजवणं म्हणजे नुसता दोर ओढणं नव्हे. कधी ओढ नीट लागत नाही. घंटा झुलते, पण आतला लोलक तिला भिडत नाही आणि टोला पडतच नाही. ज्या म्हाताऱ्याने त्यांना हे काम शिकवलं त्याने एक नियम घालून दिला होता. रिकामी गेलेली ओढ मोजायची नाही, पुन्हा ओढायचं. बारा म्हणजे वाजलेले बारा. पत्रेवाले नियमाचे पक्के. कान गेल्यावर घडलं ते एवढंच, की जो टोला ऐकू आला नाही तो त्यांच्या लेखी रिकामा गेला. मग ते पुन्हा ओढत. बारा ऐकू येईपर्यंत ओढत राहत.

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय राहवत नाही. पाच वर्षांपूर्वी सोळा झाले. पुढच्या वर्षी बावीस. मग तिशी ओलांडली. रविवारी तीनशे माणसं बाकांवर बसून छताकडे बघायची. कोणी खोकायचं, कोणी उगाच गीतपुस्तकाची पानं चाळायचं. वर घंटा ढणढण चालूच. बोललं कोणी नाही. बिचाऱ्याचं मन दुखेल, एकटा माणूस आहे, मंडळीत शांती असावी, अशी सगळ्यांची कारणं तयार होती. माझं कारण आणखी वाईट. मला वाटत होतं, दुसरं कोणीतरी सांगेल.

आणि हेच आम्ही गावभर न्याय करत हिंडत होतो! थट्टा नाही, खरंच करत होतो. कापडाची गिरणी बंद पडली तेव्हा चर्चचा हॉल सात महिने कामगारांच्या कुटुंबांना राहायला दिला. एक घरमालक भाडेकरूंचं सामान रस्त्यावर काढत होता, तिथे आमची माणसं वकिलाला घेऊन दारात बसली ती त्याने माघार घेईपर्यंत. शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं आमच्याकडे येत, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. त्यासाठी एक शेजार समिती होती आणि मी तिची चिटणीस.

समितीची एक रीत होती. तक्रार खुद्द चर्चबद्दल असेल तर तक्रार करणाऱ्याच्या घरी दोघांनी जायचं. ज्याच्यामुळे त्रास होतो तो एक, आणि समितीतला एक. जाऊन नुसतं ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही, सबब सांगायची नाही, मधे 'पण' म्हणायचं नाही. जे काय बोलायचं ते आठवड्याने.

तर गेल्या वर्षी पत्र आलं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई एकटी राहते. पावाच्या भट्टीत रात्रपाळी करते. तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. घंटेने झोप मिळत नाही, कामावर डोळा लागतो, गेल्या महिन्यात हात भाजला.

आमचे पाळक, म्हणजे पाद्री, माझे जुने विद्यार्थी, अजून मला बाई म्हणतात. पत्र वाचून त्यांचा चेहरा पडला.

"बाई, पत्रेवाल्यांना न्यायलाच हवं का?"

"रीत समितीची. मी नाही काढलेली."

"पण त्यांना... म्हणजे त्यांना जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. आपण प्रार्थना करू."

"जरूर करा. आणि मग त्यांना निरोप पाठवा."

त्यांनी चिठ्ठी पाठवली. आता माणसाने सरळ लिहावं ना, की तुमच्या घंटेबद्दल तक्रार आहे? पाळकांची लेखणी धजली नाही. त्यांनी लिहिलं, "समोरच्या भगिनींकडे भेटीला जायचे आहे. शनिवारी चार वाजता."

शनिवारी पत्रेवाले चर्चच्या दारात उभे होते ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. कितीतरी वर्षांत त्यांना कोणी कुठे बोलावलं नव्हतं. काखेत पिठाचा नवा डबा, झाकणासकट, स्वतः केलेला. "रिकाम्या हाताने कसं जायचं?" म्हणाले. मला तेव्हाच सगळं सांगता आलं असतं, पिशवीत पेन होतं. मी म्हटलं, उशीर होतोय, चला. त्यांना तेही ऐकू आलं नाही, पण मी चालू लागले म्हणून तेही चालू लागले.

भट्टीवालीने दार उघडलं तेव्हा नुकतीच उठलेली दिसत होती. डाव्या मनगटावर पट्टी. एकच खोली, खिडकीवर घोंगडी ठोकलेली, आत मिट्ट काळोख. तिने दिवा लावला.

"या आजी, बसा. हेच का काका, घंटेचे?"

मी मान हलवली. आजी म्हणायचं काही अडलं नव्हतं तिचं.

"मला भांडायचं नाहीये हं, आधीच सांगते. पण मी पाचला घरी येते. अंघोळ करून पाठ टेकते न टेकते तोच ढण! बरं, थांबावं की नाही? परवा मी मोजले. त्रेपन्न! काका, त्रेपन्न टोले कोणत्या देवाला लागतात हो?"

पत्रेवाले प्रसन्न हसले. डबा तिच्या टेबलावर ठेवला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "छान आहे जागा. उजेड भरपूर."

तिने घोंगडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काका, थट्टा चाललीय का माझी?"

"हो, हो," पत्रेवाले आनंदाने म्हणाले.

ती ताडकन उठली. "आजी, न्या यांना. मला वाटलं होतं चर्चची माणसं तरी..."

तेव्हा मी रीत मोडली. म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"बोललेलं काहीच."

"मग ऐकायला कशाला आणलंत?"

तिने कोपऱ्यातली पिठाची कागदी पिशवी फाडली आणि जाड पेन्सिलीने तिच्यावर लिहिलं, "तुम्ही रोज त्रेपन्न टोले मारता. मला झोप मिळत नाही."

पत्रेवाल्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

"बारा," ते म्हणाले. "मी बारा वाजवतो." मग माझ्याकडे वळले. "ताई, बाराच ना?"

मी मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

मी चार बोटं दाखवली.

"चार दिवस?"

नाही.

"महिने?"

मी मान खाली घातली. त्यांनी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. "माफ कर हं पोरी," तिला म्हणाले, "झोप तू." आणि जिना उतरू लागले. मी मागे होते. तीन मजल्यांत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. घंटा वाजलीच नाही. सोमवारीही नाही. समितीची बैठक बसली तर भट्टीवाली स्वतःच दारात येऊन उभी. "बंद करा असं कोण म्हणालं?" तिने आम्हालाच झापलं. "बारा टोल्यांना माझी काही हरकत नाही. म्हातारा माणूस आहे, त्याला बारा वाजवू द्या की."

मग आमच्या उदारतेला पूर आला. एकाने कानाचं यंत्र घेऊन द्यायचं काढलं. ते झालं होतं. शिरच मरत चालली आहे असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, आणि यंत्र खणात पडून होतं. हेही आम्हा कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी ठरलं, पत्रेवाल्यांनीच वाजवावं, शेजारी पाळकांनी उभं राहायचं आणि बारा झाले की हात वर करायचा. मी ते वहीत लिहून त्यांच्याकडे घेऊन गेले.

त्यांनी वाचलं आणि वही परत केली.

"नको, ताई."

मी लिहिलं, का?

"चार वर्षं तुम्ही खाली बसून मोजत होता. तीनशे माणसं. मी वर दोर धरून, घामाघूम." आवाज चढला नाही. त्यांना स्वतःचा आवाज कितपत कळतो कोण जाणे. "ओढ रिकामी जातेय, हात कमी पडतोय, असं मला वाटायचं. म्हणून आणखी जोर लावायचो. ती पोर बरी. तिने चिडून का होईना, सांगितलं तरी. आता कोणी हात वर केला तर बारा झाले हे मी कशावरून मानू?"

मी पेन उघडलं. त्यांनी मनोऱ्याची किल्ली माझ्या वहीवर ठेवली.

काम त्यांनी रीतसर सोपवलं. पाळकांना दोन सकाळी वर नेऊन दोर कसा धरायचा, कधी सोडायचा ते दाखवलं. रिकामी ओढ मोजायची नाही, हेही बजावलं. पाळक रोज बारा वेळा ओढतात आणि खाली येतात. कधी त्यातले दहा वाजतात, कधी नऊच. यावर मंडळी गप्प आहे, पण मी नाही. मी दर वेळी आकडा सांगते आणि पाळक मला टाळतात.

पत्रेवाले रविवारी येतात, शेवटच्या बाकावर बसतात. आता लोक खिशात कागद-पेन ठेवतात. सुरुवातीला पुष्कळ लिहिलं गेलं. "कसे आहात?" लिहितात. ते वाचून म्हणतात, "बरा आहे." त्यापुढे लिहायचं म्हणजे बसावं लागतं.

मी बुधवारी त्यांच्याकडे जाते. दोन खोल्या, भिंतीवर कात्र्या आणि हातोड्या ओळीने टांगलेल्या. खुर्ची एकच, ती मला देतात आणि स्वतः ट्रंकेवर बसतात. मला हळू लिहायचा कंटाळा, त्यांना वाचायचा. बराच वेळ दोघेही भिंतीकडे बघतो. मागच्या बुधवारी मी लिहिलं, "सकाळी सहाला काय करता आता?"

त्यांनी चष्मा शोधला, वाचलं.

"जाग येतेच," म्हणाले.

"मग?" मी तोंडानेच विचारलं. ते त्यांना कळलं.

"बसतो," ते म्हणाले. "बारा झाले की नाही कळत नाही, म्हणून सात वाजेपर्यंत."