कोकमांबरोबर वाळलेले रंग

पडदा वर जातो तो किहीमच्या एका गच्चीवर. मे महिना सरत आलेला. जुन्या लुगड्यावर कोकमाची सालं पसरलेली, कठड्यावर गाद्या टाकलेल्या, आणि या सगळ्या लवाजम्यात, वर्तमानपत्रावर, तळहाताएवढं हिरवं सर्किट. शेजारी कावळे हाकत बसलेत दत्तात्रेय म्हात्रे.

पावसाआधी घरातलं सगळं उन्हाला दाखवायचं, नाहीतर बुरशी धरते. सर्किटवरच्या चिपला काळा कागद चिकटवला होता, त्यालाही बुरशी आलेली. दत्तात्रेयांनी तो अलगद सोलला. खाली इवलीशी काच निघाली. तिला त्यांनी आठवडाभर छान ऊन दाखवलं.

त्या चिपवर त्यांच्या बायकोचा, कमळचा, अख्खा किनारा अवलंबून होता.

लग्नानंतर मेव्हण्याने मस्कतहून एक कॉम्प्युटर आणला होता, टीव्हीला जोडायचा, बशीएवढ्या जाडीचा. रांगोळीत गावात पहिली येणाऱ्या कमळने त्याच्यावर संध्याकाळचा समुद्र काढला. पण रंग आठच, त्यात पडद्यावरच्या एकेका इवल्या चौकटीत दोनच मावायचे. होडीचा लाल पाण्यात सांडायचा.

"होडी लाजली की काय हो?" कमळ हसायची. "हा माझा किनारा न्हाय."

"रंग वाढवून देतो तुला," दत्तात्रेय म्हणाले होते. संसारात ते राहूनच गेलं. या वर्षी अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमळच्या डोळ्यांतला उजेड दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब. तेव्हा ते धावले मांडव्याच्या येसाजीकडे, कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराकडे. येसाजीने त्या कॉम्प्युटरला जोडायचं हे सर्किट बनवलं, रंग मिसळायची सगळी विद्या त्या चिपमध्ये भरली, स्वतःच्या टीव्हीवर एकदा दाखवलीसुद्धा. शेकडो रंग! आणि चैत्रात येसाजी गेला. त्याचं सामान घरच्यांनी भंगारात दिलं.

नवराबायकोने नवं चित्र जुन्या कॉम्प्युटरवरच लिहून काढलं. रंग दिसत नव्हते, नुसते आकडे. कमळ डोळे मिटून सांगायची, "वल्या वाळूचा टाका, सुक्या न्हाय." सर्किट शेवटी जोडायचं, पडदा एकदमच उघडायचा, ही तिचीच हौस.

पडदा उघडला. तेच आठ रंग. तोच लाल, पाण्यात सांडलेला.

दत्तात्रेयांनी अलिबागहून विनेशला बोलावलं, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला. त्याने चिप उजेडात धरली.

"काका, ह्या काचेवरचा कागद?"

"बुरशी आलेली. काढला. ऊन दाखवलं."

विनेश खुर्चीत टेकला. "उन्हाने चिपमधलं सगळं पुसलं जातं, काका. म्हणून तर कागद लावतात. दुसरी प्रत हाय कुठं?"

प्रत येसाजीकडे होती. विनेश चहा न घेताच निघाला.

कमळ टीव्हीपाशी सरकली, नाक काचेला लागेपर्यंत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी ती बघत राहिली.

"होडी अजून लाजतेच हाय," ती म्हणाली. "असू दे हो. मला आठवतंय ना सगळं."

दत्तात्रेयांनी हात लांब करून टीव्हीचं बटण दाबलं. खोलीत कोकमाचा आंबट वास तेवढा राहिला.

"नको बघूस, कमळ. ह्याच्यावर डोळे नको खर्चूस."