पडलेल्यांची मोजणी

बुजगावण्याला मारून मारून माणूस थकतो, हे कुणाला सांगून पटत नाही. खुर्चीत बसून तर मारायचं, त्यात थकायचं काय, असं लोक विचारतात. विचारू देत. सकाळी ऑफिसात शिरलं की कॉम्प्युटर लावायचा, खेळातल्या रिकाम्या मैदानात आपला योद्धा उभा करायचा, समोर गवताचं बुजगावणं, आणि मग मार. घाव बसला की त्याच्या डोक्यावर आकडा उडतो, तो टिपायचा. पुन्हा घाव, पुन्हा आकडा. ते बुजगावणं हूं की चूं करत नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत बोट बधिर होतं आणि डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं वाटतं.

इंटरनेटवर हजारो लोक मिळून लढाया करतात, असा एक खेळ तिची कंपनी चालवायची. त्यातली कुठली शक्ती किती जोरात लागते, आणि लागायला हवी तेवढीच लागते का, हे तपासायला तिला ठेवलेलं. ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. आधी तिला राग यायचा, मग रागवायचाही कंटाळा आला.

या कामाची एक शिस्त असते. योद्ध्याच्या अंगावरचं सगळं आधी उतरवायचं. चिलखत, अंगठ्या, ताईत, त्याने खेळात प्यायलेलं ताकदीचं सूपसुद्धा उतरू द्यायचं. असा उघडाबोडका झाला की मग मोजायला सुरुवात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेजारच्या टेबलावरची नवीन आलेली मुलगी एकदा योद्ध्याच्या बोटातली अंगठी काढायला विसरली, आणि आठवडाभराचं काम, मुसळ केरात! बिचारी बाथरूममध्ये जाऊन रडून आली. तिला पाणी देताना मोजणीबाई म्हणाली, "अगं, रडतेस काय, माझ्या तर अशा कितीतरी अंगठ्या राहिल्यात."

तर एका सकाळी घाईसाहेब तिच्या टेबलापाशी आले. हे तिचे वरिष्ठ. त्यांचं खरं नाव काय ते आता पगाराच्या कागदावरच उरलेलं, कारण हा माणूस खुर्चीत बसतानाही अर्धा उठलेला असायचा.

"पाठराखणीवर तक्रार आलीय," ते म्हणाले. "बघून घे जरा. म्हणजे फार खोलात नको. 'आढळलं नाही' लिहून टाक आणि मोकळी हो. खेळाचा नवा भाग निघायचाय, माझ्या मागे आधीच कमी का ताप आहे?"

पाठराखण ही त्या खेळातली जुनी शक्ती, मोजणीबाई कंपनीत यायच्या आधीची. तिचा नियम अगदी सोपा. आपल्या आजूबाजूला जितके साथीदार उभे, तितका आपला घाव जड. साथीदार पडले की घाव हलका व्हायला हवा. तक्रार करणाऱ्याने लिहिलं होतं, "माणसं पडली की मारा कमी होत नाही, उलट वाढतो. कृपया कुणीतरी लक्ष घाला." खाली नाव नव्हतं. तक्रारींवर खेळणाऱ्यांची नावं येतच नसत.

तिने ते दोनदा वाचलं. कारण पाठराखण वापरणारा एक माणूस तिच्या घरातच होता.

तिचा दादा. लिफ्ट दुरुस्त करायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा स्वतःचं शिक्षण सोडून त्याने हिला शिकवलं, आणि त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मग एका इमारतीत काम करताना तो पडला. पाठ गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, हळूहळू घरात फिरा, हलकी कामं करा, अंग मोकळं होईल. पण दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. वेळ जायला म्हणून हिनेच त्याला खेळ लावून दिला होता. आणि तिथे काय जादू झाली कोण जाणे, हा माणूस तिथे मोठा झाला! खांब असं नाव घेतलं. सगळे पडले तरी खांब पडत नाही, सगळे संपले की खांब एकटा राक्षसाला लोळवतो, अशी त्याची ख्याती. लोक त्याला आवाज द्यायचे, "खांबदादा, आहात ना?" त्या वेळी त्याचा चेहरा पूर्वी हातात पान्हा धरताना असायचा तसा व्हायचा. ही ओट्यापाशी उभी राहून ते बघायची आणि मनात म्हणायची, असू दे बाबा, एवढं तरी असू दे.

तपासायला घेतलं खरं, पण बुजगावण्यासमोर काहीच दिसेना. साथीदार उभे केले, घाव जड झाला. साथीदार दूर नेले, घाव हलका झाला. सगळं नियमाप्रमाणे. तेव्हा तिच्या लक्षात आलं की बुजगावणं उलटून मारत नाही, त्यामुळे त्या मैदानात आजवर कुणी पडलेलंच नाही! मग पडलेल्यांचं काय होतं हे दिसणार कुठून? म्हणून तिने आपले सगळे साथीदार खऱ्या राक्षसापुढे नेले आणि एकेकाला मरायला उभं केलं. एकाला न्या, मारू द्या, घाव मोजा, सगळ्यांना पुन्हा जिवंत करा, पुन्हा पहिल्यापासून. एका संध्याकाळी दादाने विचारलं, "आज किती जणांचा मुडदा पाडलास?" ती म्हणाली, "मोजायचं सोडून दिलं." दोघं हसले. तिचं हसू लवकर संपलं.

शेवटी सापडलं. साथीदार पडला की खेळ त्याला साथीदार म्हणून मोजायचा तो मोजायचाच, वर जमिनीवर पडलेलं त्याचं अंगही निराळा साथीदार म्हणून मोजायचा. माणूस एक, मोजणी दोनदा. सगळे पडले की पाठराखणीचा जोर दुप्पट. म्हणजे खांब पडायच्या आत राक्षस पडतो याचं कारण एवढंच होतं.

आता काय करायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं लिहावं तर दादाच्या हातातलं एकुलतं एक काढून घ्यायचं, तेही तिने, ज्याच्या जिवावर ती शिकली त्या माणसाचं. खोटं लिहावं तर घाईसाहेब खूष, दादा खूष, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण मोजून झालेलं न मोजल्यासारखं करायचं, हे तिला आयुष्यात जमलं नव्हतं. घाईसाहेब येता-जाता विचारत, "झालं का? हो की नाही?" आणि ती म्हणे, "अजून बघतेय." बघायचं काही उरलं नव्हतं. ती नुसती बसून राहायची, आणि त्याने जास्तच दमायची.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादाची लढाई चालू होती. एरवी ती सरळ ओट्याकडे जायची. आज पिशव्या हातातच धरून त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. स्पीकरवर साथीदारांचे आवाज येत होते.

"चला रे, आडवे व्हा! बाकी खांबदादा बघून घेतील."

आणि ते सगळेच्या सगळे, अगदी मजेत, एकामागून एक राक्षसाच्या आगीत शिरले. पडले. पडल्या पडल्या त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. एकाने नवीन बूट घेतले होते ते सांगितलं. एक म्हणाला, मी अंघोळ करून येतो, झालं की हाक मारा. मधूनच कुणीतरी उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं ओरडायचं, "दादा, डावीकडून! डावीकडून घ्या की!" आणि दादा एकटा लढत होता. कपाळावर घाम, ओठ दाताखाली दाबलेले, एक हात मधूनमधून कमरेकडे जायचा आणि घाईने परत यायचा. किती तरी वेळ चाललं ते. राक्षस पडला तसे सगळे टुणकन उठले, लूट वाटून घेतली.

"दादांना काय?"

"त्यांना कुठे काय लागतं? थँक्यू हां दादा!" आणि गेले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

तिने पिशव्या धाडकन खाली ठेवल्या. "हे रोज असंच चालतं?"

दादा दचकला. "तू कधी आलीस?"

"रोज असंच चालतं का ते सांग!"

"चालतं."

"आणि तू चालवून घेतोस? मला वाटलं, तुला मान देतात तिथे!"

दादाने तोंडापुढचा माईक बंद करून मांडीवर ठेवला. "तक्रार केलीय मी कंपनीकडे. कधीचीच केलीय. तुमच्याकडे कुणी वाचत असेल तर शपथ."

"माणसं पडली की मारा वाढतो... ती तक्रार तुझी?"

"मग काय तर. लिफ्टमध्ये माणसं थोडी आणि काटा दुपटीचं वजन दाखवतोय, तर काहीतरी बिघडलंय हे कळायला काय लागतं?"

"अरे, मग मला सांगायचं! तपासायला मीच बसलेय तिथे!"

"दिवसभर तेच करून येतेस. घरी आल्यावर परत तुझ्या डोक्याला तेच लावू? आरशात तोंड बघितलंयस का स्वतःचं?"

ती खालीच बसली, पिशव्यांशेजारी. इतके दिवस ज्याच्यासाठी ती सापडलेलं गिळून बसली होती, तो हा. "दादा, ते दुरुस्त झालं तर तुला तिथे कुणी विचारणार नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग कशाला केलीस?"

दादाने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीतले कपडे काढत होतं. "आधी भारी वाटायचं गं छोटे. सगळे आडवे आणि मी एकटा उभा. इथे मला उठून पाणी घेता येत नाही, म्हणजे घेत नाही, आणि तिथे खांब! मग कळलं की हे मुद्दाम पडतात. एक दिवस असेच पडले होते, मी लढत होतो, आणि तू दारातून आलीस. चपला न काढता गॅस पेटवलास. आणि मी इथे बसून ओरडलो, आधी चहा टाक गं. ओरडलो आणि माझं मलाच ऐकू आलं. अशी लाज वाटली म्हणून सांगू! त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?"

असं तो काही बोलला की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. काहीतरीच काय दादा, असं नाही बोलायचं. तेच ती बोलणार होती. पण तिच्यात तेवढं त्राण नव्हतं.

"काही फरक नाही," ती म्हणाली.

आयुष्यात ती या माणसाला असं कधी बोलली नव्हती. दादाने फक्त मान हलवली. "जे सापडलं असेल ते पाठव उद्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने जे होतं ते लिहून पाठवलं. घाईसाहेब धावत आले, "आत्ता? आत्ता हे काढायचं होतं?" ती म्हणाली, "मोजलंय साहेब. तुम्हीही मोजून बघा." त्यांना बसायलाच वेळ नव्हता, मोजणार कधी! करवादत का होईना, त्यांनी ते पुढे धाडलं, आणि नवा भाग आला त्यातच पाठराखणही सरळ झाली.

त्या संध्याकाळी ती मुद्दाम वेळेवर घरी आली. दादाचे साथीदार जमले होते. नेहमीसारखे आडवे झाले, गप्पा सुरू झाल्या, आणि बघता बघता राक्षसाने खांबालाही लोळवलं. 

"दादा, काय झालं? लागत का नाही?"

"आता सगळ्यांनी उभं राहायला लागेल," दादा म्हणाला. "माझ्या बाजूला उभे राहा, मग बघा कसं लागतं."

"एवढा वेळ कुणाला आहे, दादा?"

एकेक जण निघून गेला. एकाने जाताना आणखी कुणी असला पाठराखणवाला माहीत आहे का, म्हणून विचारलं. गरज सरो, वैद्य मरो. दादा रिकाम्या मैदानाकडे बघत बसला, आणि तिला वाटलं, मी काय केलं हे. तिला रडू फुटलं. थांबवायचा प्रयत्न केला, थांबलं नाही.

दादाने कॉम्प्युटर बंद केला. खुर्चीची पाठ धरून उठला, भिंतीला हात लावत लावत मोरीपाशी गेला आणि भांड्यांवर नळ सोडला. ती उठायला लागली तशी तो म्हणाला, "बस." नुसतं बस. ती बसली. पाणी अंगभर उडत होतं, एक चमचा खाली पडला, मग काहीतरी फुटलं. तो शिवी घालून थांबला आणि पुन्हा घासायला लागला. तिने पाय पसरले. किती दुखतात ते पसरल्यावर कळलं.

बऱ्याच वेळाने दादाने वळून विचारलं, "ताटं कुठे ठेवतेस गं?"

याच घरात तो राहत होता. त्याच ताटांत रोज जेवत होता. तिला राग आला, हसू आलं, आणि पुन्हा रडूही आलं.

"वरच्या फळीवर," ती म्हणाली.

दादाने वर पाहिलं. पडल्यापासून त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ओलं ताट धरून तो तसाच उभा राहिला.

"ओट्यावरच राहू दे," ती म्हणाली. "उद्यापासून खालच्या फळीवर ठेवत जाऊ."